आधी भिजवा, मग मिरवा

एन.सी.सी.च्या तुकडीत पहिल्या वर्षाची मुलं कोणती आणि तिसऱ्या वर्षाची कोणती, हे ओळखायला खांद्यावरच्या फिती पाहाव्या लागत नाहीत. टोप्या पाहिल्या की पुरे. नव्या कॅडेटच्या डोक्यावर बेरेट थापून ठेवलेल्या भाकरीसारखी दिसते. चहूबाजूंनी सारखी पसरलेली, मध्ये फुगलेली, वाऱ्याची झुळूक आली तर राहील की जाईल याचा भरवसा नाही. जुन्या कॅडेटच्या कपाळावर मात्र पट्टी सरळ, डाव्या डोळ्याच्या वर बिल्ला ताठ आणि उरलेलं कापड उजव्या कानाकडे चापून बसलेलं. दोघांनाही टोपी एकाच कोठारातून मिळालेली असते. फरक टोपीत नसतो, तिच्यावर घेतलेल्या मेहनतीत असतो.

रत्नागिरीत एन.सी.सी.च्या नौदल शाखेचं 2 महाराष्ट्र नेव्हल युनिट आहे. त्यामुळे 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या सकाळी गणवेशातली मुलं-मुली शहराला नवी नाहीत. ज्यांच्या घरात कॅडेट आहे त्या आईवडिलांसाठी हा लेख आहेच. पण हौसेने बेरेट घ्यावीशी वाटणाऱ्यांसाठीही आहे: गॅदरिंगसाठी, थंडीतल्या सहलीसाठी, किंवा नुसतं मनात आलं म्हणून. या दुसऱ्या मंडळींना माझं सांगणं एवढंच की फॅशनच्या चित्रफिती नंतर पाहा, आधी एखाद्या सीनियर कॅडेटला गाठा. बेरेट विकत आणल्या दिवशी कोणालाच शोभत नाही, ती आपल्या डोक्यावर घडवावी लागते, हे त्याला पाठ असतं.

ही टोपी मुळात ऐटीची नव्हे, कामाची. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर पिरेनीज डोंगर आहेत. तिथले मेंढपाळ जाड लोकरीची अशी गोल टोपी घालत. लोकर विणायची, गरम पाण्यात मळून आटवायची म्हणजे ती घट्ट होते आणि भुरभुर पावसाचं पाणी लवकर आत शिरत नाही. फ्रान्सच्या डोंगरी सैनिकांनी ती 1889 मध्ये अधिकृतपणे घेतली. ब्रिटिशांच्या रणगाडा दलाला 1924 मध्ये काळी बेरेट मिळाली आणि त्यामागची कारणं अगदी व्यवहारी होती. पुढे झाप नसल्यामुळे डोळा थेट दुर्बिणीला लावता येतो, काळ्या रंगावर ग्रीसचे डाग दिसत नाहीत आणि रणगाड्याच्या अडचणीत डोकं आपटलं तरी टोपी पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी मरून रंग घेतला. आपल्या पॅराशूट रेजिमेंटच्या डोक्यावर आजही तोच रंग आहे.

भारतीय सैन्यात रंग म्हणजे ओळखपत्रच. चिलखती दलाची काळी, पायदळाची रायफल ग्रीन, मिलिटरी पोलिसांची लाल, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या जवानाची फिकट निळी. एन.सी.सी.तही शाखेप्रमाणे रंग बदलतो. भूदल शाखेच्या रायफल ग्रीन बेरेटवर बिल्ल्यामागे लाल तुरा, म्हणजे हॅकल, उभा असतो. हौशी मंडळींनी इथेच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधी मरून किंवा हिरवी टोपी घातली म्हणून कोणी पकडणार नाही. पण तिच्यावर रेजिमेंटचा बिल्ला लावून, आपण जवान आहोत असं लोकांना वाटावं म्हणून मिरवणं हा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, मरून बेरेट आणि बिल्ला मिळवण्यासाठी माणसं विमानातून उड्या मारतात. तो बिल्ला बाजारातून आणून सेल्फीसाठी लावणं मला तरी पटत नाही.

आता मापाकडे येऊ. शिंप्याची टेप कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. बहुतेक मोठ्यांचं माप 55 ते 59 सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. टोपीवर इंग्रजी आकडा असेल तर 7 म्हणजे साधारण 57 सेंटिमीटर. दुकानात घालून पाहताना किंचित घट्ट वाटणारी घ्या, कारण घामाने आणि वापराने आतली पट्टी सैल होत जाते. पण कपाळावर लाल वळ उठेल इतकी घट्ट नको. परेडच्या उन्हात तीच डोकेदुखी होते. मागे दोरी असते ती शोभेची नाही. टोपी घालून दोरी दोन्ही बाजूंनी सारखी ओढा, पक्की गाठ मारा आणि टोकं पट्टीच्या आत सारा. मानेवर लोंबणारी दोरी दिसली की बाकी सगळा थाट फुकट जातो.

त्यानंतरचं काम लोकांना विचित्र वाटतं: टोपीची दाढी करायची. नव्या लोकरीच्या बेरेटवर बारीक लव असते. तिच्यावर धूळ बसते आणि आकार बोथट दिसतो. वापरून फेकायच्या साध्या रेझरने, टोपी कोरडी असताना, हलक्या हाताने एकाच दिशेने लव काढा. जोर लावला तर भोक पडेल. शिवणीजवळ आणि पट्टीजवळ तर रेझर नेऊच नका. काढलेली लव चिकटपट्टीने टिपून घ्या.

मग भिजवणं. आधी बिल्ला आणि तुरा काढून ठेवा. पितळी बिल्ला ओल्या लोकरीत राहिला तर हिरवट डाग पडतो आणि तो जात नाही. पातेल्यात कोमट पाणी घ्या, हाताला सोसेल इतपतच. उकळत्या पाण्याचा सल्ला देणारे सीनियर प्रत्येक कॉलेजात असतात, त्यांचं ऐकू नका. उकळतं पाणी आणि चोळणं यांनी लोकर आटते. मेंढपाळ तेच तर मुद्दाम करत, पण त्यांना टोपी आटवायचीच होती. तुमची माप घेऊन आणलेली आहे. पट्टी चामड्याची किंवा रेक्झिनची असेल तर ती शक्य तितकी पाण्याबाहेर धरून नुसतं वरचं कापड बुडवा. पूर्ण भिजलं की बाहेर काढून तळहातांत दाबून पाणी काढा. पिळू मात्र नका. पिळलेल्या बेरेटला ज्या सुरकुत्या पडतात त्या पुढे तुमच्याबरोबरच परेडला येतात.

ओली टोपी आता डोक्यावर. जुना शर्ट घाला, खांद्यावर पंचा टाका आणि आरशासमोर बसा. पट्टी भुवयांच्या दोन बोटं वर, सगळीकडून जमिनीला समांतर. ही पट्टीची रेष जमली की अर्धं काम झालं. पुढे खाली आणि मागे वर अशी तिरकी पट्टी झाली की माणूस गुर्मीत दिसतो, आणि उलट झाली की नुकताच झोपेतून उठल्यासारखा. बिल्ल्याची जागा डाव्या डोळ्याच्या बरोबर वर आणा. तिथलं कापड बोटांनी दाबून उभं करा. उरलेलं सगळं कापड डावीकडून उजवीकडे ओढत न्या आणि उजव्या कानाच्या वरच्या टोकापर्यंत खाली आणा. माथ्यावर हवा राहू देऊ नका. तळहाताने समोरून मागे आणि डावीकडून उजवीकडे चापत राहा, चादरीची घडी बसवावी तितक्या निगुतीने. असं अर्धा-पाऊण तास घालून बसायचं. घरातले हसतील, हसू द्या. नंतर काढून तशाच आकारात एखाद्या पालथ्या पातेल्यावर, आपल्या डोक्याएवढ्या, पंख्याखाली वाळत ठेवा. एकदा करून भागत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला कापडाला आपली वळणं कळलेली असतात आणि टोपी डोक्यावर टाकली की आपसूक उजवीकडे झुकते.

उजवीकडेच का, असं एखादा चौकस मुलगा विचारतो. ही ब्रिटिशांकडून आलेली पद्धत. फ्रेंच सैन्यात बहुतेक ठिकाणी याच्या उलट, कापड डावीकडे आणि बिल्ला उजव्या डोळ्यावर. म्हणजे यात निसर्गनियम काही नाही, शिस्त आहे. गणवेशात असाल तर ती पाळायची, आणि हौसेने घालत असाल तर तुमचा चेहरा ज्या बाजूने तुम्हाला आवडतो ती बाजू उघडी ठेवायची.

आतल्या अस्तराबद्दल एक गोष्ट. काही जण ते कापून टाकतात, म्हणजे कापड अधिक चापून बसतं. खरंच बसतं. पण टोपी युनिटची असेल आणि परत द्यायची असेल तर कात्री लावण्याआधी आपल्या ए.एन.ओ., म्हणजे कॉलेजातली एन.सी.सी. सांभाळणाऱ्या, सरांना किंवा मॅडमना विचारा.

मुलींच्या केसांचा प्रश्न दर वर्षी येतो. उंच बांधलेला पोनी किंवा डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरचा अंबाडा पट्टीला वर ढकलतो आणि टोपी पुढे घसरून भुवयांवर येते. अंबाडा खाली, मानेच्या वरच्या खळग्यात घाला, म्हणजे पट्टी त्याच्या वरून मोकळी जाते. वर काळी जाळी लावा. कानाजवळच्या भुरभुरणाऱ्या केसांना काळ्या पिना. वारा असेल तर त्याच पिनांपैकी दोन पट्टीच्या आतून, कानांच्या मागे, केसांत अडकवा. बाहेरून दिसत नाहीत. आणि मुलगा असो की मुलगी, परेडच्या आदल्या रात्री डोक्यावर खोबरेल तेल चोपडू नका. कोकणात हा सल्ला देणं धाडसाचं आहे याची मला कल्पना आहे. पण तेलाने पट्टी चिकट होते, त्यावर धूळ बसते, आणि पुढचं संकट म्हणजे कसर. लोकरीला लागणारी कसर स्वच्छ कापडापेक्षा घाम आणि तेल मुरलेल्या कापडावर जास्त तुटून पडते. तेल लावायचंच तर रविवारी लावा आणि न्हाऊन टाका.

आता खरा शत्रू, म्हणजे आपली हवा. पिरेनीजच्या भुरभुरीसाठी जन्मलेली ही टोपी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात आली आहे. त्यात स्वातंत्र्यदिन नेमका पावसाळ्यात. 15 ऑगस्टला तुकडी मैदानात उभी राहिली आणि आभाळ फाटलं तर कोणी छत्री उघडत नाही. अशा वेळी बेरेट निथळत घरी येते आणि आई ती पहिल्यांदा कुठे नेते तर गॅसजवळ. नेऊ नका. जोराच्या उष्णतेने लोकर आकसते आणि चामड्याची पट्टी कडक होऊन तडकते. इस्त्रीही नको, केस वाळवायचा ड्रायरही नको. कोरड्या पंचात गुंडाळून हळू दाबा, पंचा ओला झाला की दुसरा घ्या. मग भिजलीच आहे तर तिचा फायदा करून घ्या: डोक्यावर घालून आकार पुन्हा बसवा. नंतर पालथ्या पातेल्यावर ठेवून पंखा. श्रावणातल्या दमट हवेत पूर्ण वाळायला दोन दिवसही लागतात. पट्टीच्या आत बोट फिरवून गारवा लागतो का ते पाहा. लागत असेल तर अजून ओली आहे. अर्धवट वाळलेली टोपी कपाटात गेली की आठवड्यात पांढरी बुरशी.

बुरशी आलीच तर घरात झटकू नका. अंगणात नेऊन कोरड्या मऊ ब्रशने काढा, थोडा वेळ कोवळं ऊन दाखवा आणि आत आणा. दिवसभर उन्हात ठेवलेली हिरवी टोपी विटते. मग तुकडीत तुमचीच टोपी वेगळ्या रंगाची दिसते, आणि ज्या कारणाने आपण वेगळं दिसावं असं वाटत असतं त्यातलं हे कारण नव्हे.

धुवायची वेळ क्वचितच यावी. पट्टीवर घामाची पांढरी खारट रेघ उमटली तर ओल्या फडक्याने पुसणं पुरतं. सगळी टोपी मळली असेल तर रिठे भिजवलेलं गार पाणी घ्या, त्यात बुडवा, न चोळता दाबा, स्वच्छ पाण्यातून काढा. कपड्यांची नेहमीची पावडर टाळा. तिच्यात प्रथिनांचे डाग तोडणारी द्रव्यं असतात, आणि लोकर हे स्वतःच प्रथिन आहे. ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, जुन्या सुती धोतराची किंवा मांजरपाटाची पिशवी बरी. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला नाहीतर डांबराच्या गोळ्या. औषधाच्या बाटल्यांतून आणि बुटांच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या पुड्या येतात त्या फेकू नका, दोन-तीन याच पिशवीत टाका. बिल्ला ब्रासोने घासायचा असेल तर काढून घासा. काढणं शक्य नसेल तर मागे पुठ्ठ्याला खाच पाडून सरकवा, म्हणजे कापडाला पांढरट डाग पडत नाही.

हौशी वाचक इथपर्यंत थांबले असतील तर आता त्यांची पाळी. पहिला प्रश्न कापडाचा. रत्नागिरीत लोकरीची बेरेट घालावी अशा सकाळी डिसेंबर-जानेवारीत मोजक्याच येतात. आंबा घाटात, महाबळेश्वरला किंवा उत्तरेच्या सहलीला जाणार असाल तर लोकरीची जरूर घ्या. इथे, समुद्रकाठी, ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकरीची टोपी घालून माणूस झोकदार दिसण्याऐवजी घामाघूम दिसतो. त्याला पर्याय सुती. क्रोशाची सुई हातात धरणाऱ्या बायका आपल्याकडे अजून घरोघरी आहेत. रुमाल आणि तोरणं विणणाऱ्या हाताला बेरेट अवघड नाही: मधून गोल सुरू करायचा, डोक्यापेक्षा मोठा होईपर्यंत टाके वाढवायचे, मग कमी करत आणायचे आणि शेवटी पट्टी. जाळीदार विणीतून वाराही खेळतो.

शिंप्याकडून करून घ्यायची असेल तर ही मापं द्या. डोकं 57 सेंटिमीटर धरू. वरचा तुकडा 30 सेंटिमीटर व्यासाचा पूर्ण गोल. खालचा तुकडाही तेवढाच गोल, पण मध्ये 16 सेंटिमीटर व्यासाचं भोक. दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर शिवण धरली की बाहेरचा व्यास 28 उरतो आणि भोक 18 सेंटिमीटरचं होतं, म्हणजे त्याचा घेर साधारण 57. पट्टीला 59 सेंटिमीटर लांब आणि 8 रुंद कापड घ्या. शिवण आणि दुमड जाऊन ती तीन सेंटिमीटरची बसते. जाड खादी, डेनिम किंवा ड्रिल चालतं, आत मऊ सुती अस्तर. पातळ पॉपलीन घेऊ नका, आकार धरत नाही. 28 चा गोल तुम्हाला मोठा वाटेल, शिंप्यालाही वाटेल आणि तो परस्पर कमी करायला पाहील. करू देऊ नका. कापड कमी पडलं की झुकायला काही उरत नाही आणि बेरेटऐवजी वाटी डोक्यावर येते.

चेहऱ्याच्या आकारावरून टोपी कशी घालावी यावर पानंच्या पानं लिहिली जातात. मला त्यातलं थोडंच कामाचं वाटतं. गोल चेहरा असेल तर कापड थोडं वर आणि एका बाजूला राहू द्या, लांब चेहरा असेल तर माथा चापून पट्टी जरा खाली घ्या. चष्मा असेल तर पट्टी आणि फ्रेमच्या मध्ये कपाळ दिसायला हवं, नाहीतर सगळा चेहरा मिटून जातो. बस्स. फोटो काढताना उघडी बाजू कॅमेऱ्याकडे, झुकलेली बाजू पलीकडे. पुष्कळ जण नेमकं उलटं उभं राहतात आणि मग टोपीच दिसते, माणूस दिसत नाही.

कपड्यांबाबत माझा नियम कंजूष आहे. डोक्यावर बेरेट असली की अंगावर बाकी काही बोलकं नको. साधा पांढरा शर्ट, एकरंगी कुर्ता, फार तर जाड सुती जाकीट. चेहऱ्याजवळ एकच गोष्ट मिरवायची. मोठे झुमके, रंगीत गॉगल आणि बेरेट एकत्र आले की तिघांचं भांडण होतं. सुती साडीवर, थंडीच्या सकाळी, गडद रंगाची लहान बेरेट चांगली दिसू शकते. केसात गजरा माळला असेल तर मात्र टोपी घरी ठेवा, कारण तिथे टोपी हरणार हे ठरलेलं. चे गव्हेराचा टीशर्ट आणि वर काळी बेरेट हा जोडही टाळावा. अल्बेर्तो कोर्दाने तो फोटो 5 मार्च 1960 रोजी हवानात काढला. तेव्हापासून जगभर त्याच्या इतक्या नकला झाल्या आहेत की आणखी एक करण्यात मजा उरलेली नाही.

राहिला धीराचा प्रश्न. रत्नागिरीत तो थोडा वेगळा असतो. अंतू बर्व्याच्या गावात नवी टोपी घालून मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत चालत गेलात आणि कोणी काही बोललं नाही, असं होणार नाही. "काय रे, मिल्ट्रीत भरती झालास की काय?" किंवा "शूटिंग कुठे आहे ओ?" हे येणारच. त्यावर टोपी काढून खिशात घालणं हा सर्वांत वाईट उपाय, आणि ती का घातली याचं स्पष्टीकरण देत बसणं हा त्याखालचा. "होय, उद्या जॉइन होतोय," म्हणावं आणि चालू लागावं. खवचटपणाला खवचटपणा मिळाला की इथला माणूस खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या टोपीकडे बघतही नाही.

पण लोकांच्या बोलण्यापेक्षा माणसाला उघडं पाडतो तो त्याचा स्वतःचा हात. सारखा टोपीकडे जाणारा हात. पट्टी चाचप, कापड ओढ, काचेत बघ, पुन्हा चाचप. ज्याला आपली टोपी नीट बसली आहे हे ठाऊक असतं त्याचा हात खाली राहतो, म्हणून तर वर एवढं भिजवण्याचं पुराण लावलं. हे ठाऊक होण्यासाठी घरात सराव करा. पहिले काही दिवस तासभर टोपी घालून घरातली कामं करा: नारळ खवा, अंगण झाडा, वाकून खालची वस्तू उचला, मान वळवून हाक मारा. टोपी कुठे घसरते ते तिथेच कळेल आणि दोरी किती ओढायची तेही. आरशाशिवाय घालायला शिका. दोन बोटं भुवईवर आडवी, त्यावर पट्टी. डाव्या डोळ्याच्या मधून बोट सरळ वर, तिथे बिल्ला किंवा कापडाचा उंचवटा. तळहात माथ्यावरून उजवीकडे, एकदाच. हे तीन स्पर्श सरावले की चार सेकंदांचं काम आहे. त्यानंतर हात खाली, आणि घरी येईपर्यंत खालीच.

मांडवीच्या धक्क्यावर किंवा भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळचा वारा असतो तेव्हा हा नियम मोडतो, हे कबूल. तिथे टोपी दोन बोटांऐवजी एका बोटावर आणा, कापड कानावर चांगलं खाली ओढा आणि पिना लावा. तरी राहत नसेल तर काढा. बेरेटचा हा मोठा गुण की ती मोडत नाही. दुमडून खिशात जाते, गणवेशात असेल तर खांद्याच्या पट्टीखाली. दुमडताना बिल्ला बाहेरच्या बाजूला ठेवा, आत गेला तर कापडावर वळ उठतो. स्कूटरवर बसताना तर काढायचीच. डोक्यावर हेल्मेट आणि बेरेट डिकीत, पिशवीत घालून. बेरेटवर हेल्मेट चढवणारे कॅडेट आहेत. दोन्ही वाया घालवतात.

थोडा रिवाज. आपल्या सैन्यात आणि एन.सी.सी.तही डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत, नुसतं सावधान उभं राहतात. नवी मुलं टोपी हातात घेऊन खाडकन सॅल्यूट ठोकतात आणि मग ओरडा खातात. साध्या पोशाखात हा प्रश्न येत नाही. देवळात डोकं झाकलेलं असलं तर आपल्याकडे कोणाची हरकत नसते, जुन्या पिढीतली माणसं टोपी घालूनच पूजेला बसत. राष्ट्रगीताच्या वेळी गणवेशातल्या कॅडेटने टोपी तशीच ठेवायची. आणि सावरकर नाट्यगृहात जाऊन बसलात की ती काढून मांडीवर ठेवा, कारण मागच्या रांगेतल्या माणसाने तिकीट नाटकाचं काढलेलं असतं.